दुखणे दाढेचे की जबड्याच्या सांध्याचे?



गेल्या वर्षावासात आमच्या विहारात ग्रंथवाचन संपल्यावर मी वर्गणीचा हिशेब मांडत बसलो होतो. आमच्या चाळीतल्या एक ताई पदराने गाल दाबून भिंतीला टेकल्या होत्या. त्या घरी शिलाई मशीनवर नगावर मजुरीने कपडे शिवतात. मी सहज विचारले, "ताई, दाढ दुखते का?" तर म्हणाल्या, "भाऊ, दाढ कुठली दुखणार? या बाजूच्या दोन्ही काढून टाकल्या. दुखणं मात्र होतं तसंच आहे."

त्या दाढा काढण्यासाठी त्यांनी बचत गटातून पैसे उचलले होते. मधल्या काळात कान दुखतो म्हणून कानात थेंबही घालून झाले. पुढच्या आठवड्यात त्यांची मुलगी आणि मी त्यांना सरकारी दंत रुग्णालयात घेऊन गेलो. तेथील डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कानांच्या पुढे बोटे ठेवली आणि तोंड हळूहळू उघडायला सांगितले. 'कट्' असा आवाज शेजारी उभ्या असलेल्या मलाही ऐकू आला. दुखणे दाढेचे नव्हतेच. ते जबड्याच्या सांध्याचे आणि त्या सांध्याला ओढणाऱ्या स्नायूंचे होते.

मी डॉक्टर नव्हे, कारकून माणूस. पण माणसे घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या चढणे हे आमचे नेहमीचे काम, आणि तेथे जे कानावर पडते ते घरोघरी पोहोचवणे हेही कामच आहे.

आपले बोट कानाच्या छिद्राच्या किंचित पुढे ठेवा आणि तोंड उघड-मीट करा. बोटाखाली जे सरकते तो हा सांधा. बोलताना, जेवताना, जांभई देताना तो दिवसभर राबत असतो. हाडांच्या मध्ये एक लहानशी गादी असते. ती जागची थोडी सरकली की 'कट्' वाजते. नुसता आवाज येतो, दुखत नाही, तोंड नीट उघडते, असे असेल तर घाबरू नये. त्याला औषधाची गरज नसते. पण सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला, चावताना कानापुढे दुखते, कानशिलात ठणका, तोंड उघडताना जबडा एका बाजूला जातो किंवा मध्येच अडकतो, ही लक्षणे सुरू झाली की सांधा काहीतरी सांगतो आहे असे समजावे. हे दुखणे पुरुषांपेक्षा स्त्रियांत, आणि तेही ऐन कामाच्या वयात, अधिक दिसते.

असे का होते? दात आवळून धरण्याची सवय हे एक मोठे कारण. काळजी, ताण, रात्री झोपेत दात खाणे. ताई दिवसभर दोरा दातांनी तोडत, टाचण्या दातांत धरत. आणि दुसऱ्याचे कशाला सांगू? मार्चअखेर ताळेबंद जुळत नाही तेव्हा माझेही दात करकचून आवळलेले असतात, हे मला त्या दिवशी रुग्णालयाच्या बाकावर बसल्यावर लक्षात आले. शिवाय जबड्याला मार लागणे, दातांनी बाटलीची झाकणे उघडणे, सुपारी फोडणे हेही आहेच.

आता उपाय. बहुतेकांना सुरुवातीला घरच्या घरी आराम पडतो, मात्र दोन-चार आठवडे धीर धरावा लागतो. पहिली गोष्ट म्हणजे जबड्याला विश्रांती. मऊ भात, खिचडी, आमटीत कुस्करलेली भाकरी खावी. ऊस, फुटाणे, चिवट मटण काही दिवस बाजूला ठेवावे. वडापाव आ वासून न चावता तुकडे करून खावा. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरावी. गरम पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने दिवसातून दोन-तीनदा पंधरा मिनिटे शेक घ्यावा. फडके आधी मनगटाला लावून पाहावे. ताजा मार लागून सूज असेल तर मात्र पहिले एक-दोन दिवस शेक नको, कपड्यात गुंडाळलेला बर्फ लावावा.

सर्वांत महत्त्वाचे, आणि बिनपैशाचे: ओठ मिटलेले, पण दात एकमेकांना न टेकलेले, जीभ सैल. घास चावताना सोडला तर वरचे-खालचे दात एरवी टेकायला नकोत. डॉक्टरीणबाईंनी सोपा व्यायामही दाखवला. जिभेचे टोक वरच्या दातांमागे टाळूला लावायचे आणि ते सुटणार नाही इतकेच तोंड सावकाश उघडायचे, आरशासमोर, जबडा सरळ ठेवून. एका वेळी सहा वेळा, दिवसातून चार-पाचदा. दुखले तर थांबायचे.

गोळी लागलीच तर वेष्टनावरच्या मात्रेत पॅरासिटामॉल घ्यावी. मेडिकलवाल्याकडून सुट्या 'अंगदुखीच्या' गोळ्या बांधून आणू नयेत. पोटाला आणि मूत्रपिंडाला त्या महागात पडतात. रात्री दात खाणाऱ्यांना दंतवैद्य मापाची पट्टी करून देतात. सांध्यासाठी म्हणून कोणी पहिल्याच भेटीत दात घासून कमी करू किंवा काढू म्हणाला, तर आधी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवावे.

आता ज्यांच्या खिशात पुडी असते त्यांच्यासाठी. आपल्या हाताची तीन बोटे, अंगठ्याजवळची पहिली तीन, एकावर एक ठेवून वरच्या-खालच्या पुढच्या दातांत उभी शिरतात का पाहा. मोठ्या माणसाच्या तोंडात सहसा ती शिरतात. दोनच शिरत असतील, तिखट खाल्ले की आग होत असेल, गाल आतून पांढुरके व ताठ लागत असतील, तर तो सांधा नव्हे. सुपारीमुळे तोंडाच्या आतली कातडी आवळत जाते. तंबाखू नसलेल्या नुसत्या सुपारीनेही हे होते आणि काहींत पुढे कर्करोग होतो. शेक घेत बसू नये. गुटखा व पानमसाल्यावर राज्यात 2012 साली बंदी आली, पण पुड्या कुठे मिळतात हे आपल्या पोरांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. पाचवे शील आपण म्हणतो, तेव्हा दारूचाच विचार करतो, पुडीचाही करावा.

जबडा उघडा राहून मिटतच नसेल, एकाएकी उघडेनासा झाला, तापासह सूज आली, किंवा तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. निखळलेला जबडा घरच्या माणसाने ओढू नये. आणि जिना चढताना जबडा दुखतो, छाती भरून येते, घाम फुटतो, तर ते हृदयाचे असू शकते. अशा वेळी 108 ला फोन करावा.

मुंबईत सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलला महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे. नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथेही शासकीय दंत महाविद्यालये आहेत. केसपेपरसाठी सकाळी लवकर जावे, जुने एक्स-रे व चिठ्ठ्या बरोबर न्याव्यात, आणि "दाढ दुखते" एवढेच न सांगता नेमके कुठे, केव्हा दुखते ते बोट ठेवून दाखवावे.

ताईंचे दुखणे दीड-दोन महिन्यांत पुष्कळ उतरले. आवाज अजून येतो. त्यांनी मशीनवर समोरच एक लाल टिकली चिकटवली आहे; तिच्याकडे नजर गेली की दात सैल सोडायचे. कात्री मशीनच्या पायाला दोरीने बांधून ठेवली आहे. काढलेल्या दोन दाढांच्या जागी दात बसवायचे राहिले आहेत, त्यासाठी बचत गटाचे आधीचे हप्ते फिटण्याची त्या वाट पाहत आहेत.