इसब की आणखी काही?

स्तनाग्राला खाज सुटावी, त्वचेची सालपटे निघावीत, थोडी लस वाहावी, आणि घरातील वडीलधाऱ्या बाईने "इसब आहे, खोबरेल तेल लाव" असे सांगावे, हे आपल्याकडे नित्याचे आहे. बहुधा तिचे म्हणणे खरेही ठरते. परंतु क्वचित या इसबाआड कर्करोग दडलेला असतो. म्हणून संकोच बाजूस ठेवून हा विषय वाचक भगिनींपुढे मांडीत आहे.

लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील शल्यविशारद सर जेम्स पॅजेट यांनी १८७४ साली अशा सुमारे १५ स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांच्या स्तनाग्रावरील विकार कोणत्याही उपायास दाद देईना, आणि पुढे फार तर दोन वर्षांत त्याच स्तनात कर्करोग प्रकट झाला. त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा हा विकार स्तनाच्या शंभर कर्करोगांत एक ते चार एवढाच आढळतो.

मग तो ओळखावा कसा? साधे इसब पुष्कळदा दोन्ही बाजूंस होते. पॅजेटचा विकार बहुधा एकाच स्तनावर होतो आणि अग्रापासून सुरू होऊन भोवतालच्या काळसर वलयाकडे पसरतो. अग्र आत ओढले जाते, कधी रक्तमिश्रित स्राव येतो. मलमाने काही दिवस आराम वाटतो, हाच मोठा चकवा! अंगावर पाजणाऱ्या मातेच्या चिरा काही दिवसांत भरून येतात. हा व्रण मात्र पुनःपुन्हा उघडतो. दोन-तीन आठवड्यांच्या उपचाराने गुण न आल्यास त्वचेचा बारीक तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे, हाच निर्णायक मार्ग होय. गाठ हाताला लागत नसली, तरी स्तनाचे क्ष-किरण चित्रही घ्यावे लागते. कारण बहुतेक रुग्णांत आत कर्करोग असतोच.

आता जगण्याच्या शक्यतेविषयी. अमेरिकेत १९८८ ते २००१ या काळात निदान झालेल्या अशा स्त्रियांपैकी, अन्य कारणांचे मृत्यू वगळून पाहता, शेकडा सुमारे ८३ पाच वर्षांनंतर हयात होत्या. पॅजेटच्या विकाराबरोबर आत पसरणारा कर्करोगही असलेल्यांत हे प्रमाण पहिल्या अवस्थेत सुमारे ९६, तिसऱ्या अवस्थेत ४६, तर चौथ्या अवस्थेत अवघे १४ होते. एकच रोग, परंतु केव्हा कळला यावर केवढे अंतर!

पूर्वी सरसकट संपूर्ण स्तन काढीत. आता रोग मर्यादित असल्यास अग्र, वलय व खालचा काही भाग काढून पुढे किरणोपचार देतात. विरळा का होईना, हा विकार पुरुषांनाही होतो. आणि ते तर डॉक्टरांस दाखविण्यास अधिकच लाजतात.