खड्डे मोजू नका, खुंट राखा

जून उजाडला की बजाजनगरात मला फोन यायला लागतात. कुणी कंपनीतला जुना सहकारी असतो, कुणी गणेश मंडळाचा कार्यकर्ता. विचारणा एकच: 'तुमच्या डोंगराकडच्या रानात जागा आहे ना? आमच्याकडे 200 रोपं आहेत.' गेली काही वर्षं मी सगळ्यांना नाही म्हणतो. माणसं मनापासून विचारत असतात, त्यामुळे नाही म्हणताना वाईट वाटतं. म्हणून कारण एकदा सविस्तर सांगतो.

वाळूजला सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी 28 वर्षं मशीनशॉपमध्ये काढली. खुलताबाद तालुक्यात, म्हैसमाळकडे चढत जाणाऱ्या उतारावर आमची वडिलोपार्जित 11 एकर जमीन आहे. त्यातली 4 एकर पिकाची, बाकीची 7 एकर बरड. वर वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. आजोबांच्या वेळी तिथे रान होतं. धावडा, सलई, अंजन, पळस, खैर. माझ्या लहानपणापर्यंत ते सरपणात गेलं आणि मागे कुसळी गवत राहिलं.

2016 साली राज्याने 1 जुलैला 2 कोटी झाडं लावायचं ठरवलं. त्याआधीची दोन वर्षं दुष्काळात गेली होती, सगळ्यांच्याच मनात झाडांविषयी कळकळ होती. मीही 600 रोपं आणली. रोपवाटिकेत मिळाली ती: गिरिपुष्प, करंज, सुबाभूळ, गुलमोहर. मजूर लावून दीड-दीड फुटाचे खड्डे घेतले, कारखान्यातले 15 जण मदतीला आले, फोटो निघाले. पुढच्या मे महिन्यात मी एकटा फिरून मोजणी केली. 38 जिवंत होती. दुसऱ्या वर्षी पुन्हा लावली आणि त्या चैत्रात वणवा फिरला. राज्याचा आकडा पुढे 4 कोटींवरून 13 आणि मग 33 कोटींपर्यंत चढत गेला. माझ्या रानातला आकडा खाली येत होता.

शेजारच्या रानातले एक आप्पा बांधावर बसून हे सगळं पाहत असत. एकदा मला म्हणाले, "भाऊ, लावतो कशाला एवढं? हाये ते राख ना." मला ते बोलणं लागलं. राखायला आहे काय, असं मी विचारलं. त्यांनी काठीने गवत बाजूला केलं. गुडघ्याएवढं झुडूप होतं, शेळ्यांनी खाऊन खाऊन गोल केलेलं. "हा धावडा. तुझ्या आज्याच्या वेळचा."

त्या दिवशी आम्ही दोघं संध्याकाळपर्यंत फिरलो. ज्याला मी उभा जन्म काटेरी गबाळ समजत होतो, ते तुटलेल्या झाडांचे जिवंत खुंट होते. वरून दरवर्षी कुऱ्हाड आणि शेळी. खाली मात्र पन्नास-साठ वर्षांची मुळं पाषाणाच्या भेगांत उतरलेली. आपल्याकडे वर्षाला सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही मोजक्या दिवसांत. पिशवीतलं रोप आठ महिन्यांच्या कोरड्या काळाला सामोरं जातं तेव्हा त्याची मुळं हातभरही गेलेली नसतात. खुंटाचं निम्मं काम आधीच झालेलं असतं.

तेव्हापासून कामाची रीत बदलली. माघात पानगळ झाली की प्रत्येक खुंटावरचे पंधरा-वीस धुमारे पाहायचे, त्यातले सरळ आणि जोमदार दोन-तीन ठेवायचे, बाकीचे धारदार कोयत्याने बुडाशी उतरवायचे. कापलेलं सरपणाला. पुढच्या वर्षी पुन्हा विरळणी, शेवटी एकच ठेवायचा. पळस तर मुळांवरूनही फुटतो, त्याला आवरावं लागतं. चौथ्या पावसाळ्यात धावडे माझ्या डोक्यावर गेले. मोकळ्या राहिलेल्या जागीच नवी भर घालतो, तीही बहुतेक बियांची टोकण करून: खैर, अंजन, बोर, सीताफळ. दौलताबादच्या परिसरात सीताफळाला कुणी पाणी घालत नाही आणि शेळी त्याला तोंड लावत नाही, हे आपल्या डोळ्यांसमोर आहे. बोराटीची जाळी मी आता तोडत नाही. पाखरं तिच्यावर बसून लिंबोळ्या टाकतात, आणि काट्यांच्या आत कडुनिंबाचं पोर शेळीपासून सुखरूप वाढतं. माझ्या रानातले 9 कडुनिंब असेच आले, एकही मी लावलेला नाही.

पश्चिम आफ्रिकेतल्या नायजरमध्ये टोनी रिनॉडो या ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञाला 1983 साली हेच उमगलं. लावलेली रोपं वर्षानुवर्षं मरत होती. एके दिवशी गाडीच्या टायरांतली हवा कमी करायला तो वाटेत थांबला आणि माळावरचं झुडूप म्हणजे तोडलेल्या झाडाचा खुंट आहे हे त्याच्या ध्यानात आलं. पुढच्या वीस वर्षांत तिथल्या शेतकऱ्यांनी सुमारे 50 लाख हेक्टरवर अशी झाडं उभी केली. लांब कशाला, हिवरे बाजारने 1990च्या दशकात कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली, तिचं मर्मही राखणच होतं.

राखण मात्र फुकट होत नाही. कुंपण परवडेना, म्हणून मी वस्तीवर गेलो. तिथली एक काकू 22 शेळ्या राखते. तिला 'येऊ नको' म्हणण्याचा मला काय अधिकार, तिची चूल त्यावर चालते. आमचं ठरलं: पावसाळ्यात शेळ्या आत नाहीत, दिवाळीनंतर गवत कापून न्यायचं, एक पैसा द्यायचा नाही. गवत कापलं गेलं की वणव्याला जळायला उरत नाही. शिवाय फाल्गुनात आम्ही कडेने दहा फूट रुंद जाळपट्टा काढतो. मागच्या तीन उन्हाळ्यांत आग दोनदा आली आणि दोन्ही वेळा पट्ट्याशी थांबली. दुसऱ्या खेपेला ती विझवायला सगळ्यात आधी धावली ती काकू आणि तिचा मुलगा.

सात एकरांतला दीड एकर मी मुद्दाम उघडा ठेवला आहे. तिथे कधीच झाडं नव्हती, गवतच होतं. तितर आणि चंडोल तिथे अंडी घालतात. वैजापूरकडची काळविटंही माळावरच जगतात. प्रत्येक उघडी जागा म्हणजे ओसाड, ही आपली समजूत सुटायला हवी.

आता माझं म्हणणं. आपल्याकडे झाडांचा पैसा खड्ड्यापाशी संपतो. खड्डा, रोप, वाहतूक यांची बिलं निघतात. राखणदाराचं निघत नाही. मशीनशॉपमध्ये किती लोखंड आत आलं यावर आमचा हिशेब कधी झाला नाही, तपासणीतून पास होऊन किती जॉब बाहेर पडले यावर झाला. झाडांचा हिशेबही पाचव्या वर्षी उभ्या असलेल्या झाडांवर व्हावा. सरकारला हे अवघड नाही. 2018पासून भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत अनुदान तीन वर्षांत 50, 30 आणि 20 टक्के असं मिळतं, आणि पुढचे हप्ते झाडं जगली तरच. हाच नियम धावडा-अंजनाला लावा. त्यात खुंटावरून वाढवलेलं झाडही धरा. वाळूजच्या कारखान्यांनाही माझी विनंती आहे: सामाजिक दायित्वाच्या निधीतून रोपं वाटण्याऐवजी पंचक्रोशीतल्या दहा-वीस माळांवर प्रत्येकी एका राखणदाराचा पाच वर्षांचा पगार द्या.

दुसरी अडचण कायद्याची आहे. 1964च्या झाडतोड अधिनियमाच्या अनुसूचीत साग, अंजन, खैर, मोह, चिंच, जांभूळ ही झाडं आहेत. स्वतःच्या रानातलीही तोडायला परवानगी लागते. हेतू चांगला होता. पण बांधावर उगवलेला साग हाताएवढा असतानाच उपटून टाकणारे शेतकरी मी पाहिले आहेत. पुढे कागदपत्रांमागे कोण फिरणार, असं ते म्हणतात. खासगी वनांच्या 1975च्या कायद्यानंतर 'रान वाढवलं तर जमीन वनखात्याची होईल' ही धास्तीही घराघरांत आहे. मालकाने स्वतः वाढवलेल्या झाडीची सातबाऱ्यावर नोंद व्हावी, विरळणीसाठी वनपालाला कळवलं की पुरावं, आणि जमीन त्याचीच राहील असं लेखी मिळावं. ज्याला कापायची मुभा नाही, तो वाढवणार कसा?

यंदाही रोपं आणणार नाही. वैशाखात आप्पांच्या जुन्या अंजनाखाली शेंगा पडल्या होत्या, त्या काकूच्या मुलाने पोतंभर गोळा करून ठेवल्या आहेत. ज्यांना यायचं आहे त्यांनी पहिला पाऊस झाला की रविवारी सकाळी साजापूर-शरणापूर रस्त्याने या. टोकणीला माणसं हवीत. आणि माघात पुन्हा या, तेव्हा कोयते मी देईन.