घाऊक विजेचा करार आणि मालेगावचा शेतकरी

मालेगाव आणि वीज हे शब्द एकत्र आले की उर्वरित महाराष्ट्राला नाशिक जिल्ह्यातील मालेगाव आठवते. तेथील वीजवितरण मार्च 2020 मध्ये खासगी फ्रँचायझीकडे गेले आणि त्याची चर्चाही पुष्कळ झाली. वाशिम जिल्ह्यातील मालेगावाच्या वाट्याला अशी चर्चा येत नाही. अकोल्याहून पातूर-मेडशीमार्गे वाशिमकडे जाताना लागणारा हा सोयाबीन-तुरीचा तालुका. ज्या अकोला जिल्ह्यातून 1 जुलै 1998 रोजी वाशिम वेगळा झाला, त्याच जिल्ह्यात पारसचे औष्णिक केंद्र आहे. तरीही येथील शेतकऱ्याने हरभऱ्या-गव्हाला पाणी देण्यासाठी वर्षानुवर्षे थंडीच्या रात्री बांधावर जागून काढल्या. जवळ वीज निर्माण होणे आणि ती आपल्या हाती असणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

आता कृषी वाहिन्यांच्या सौरीकरणामुळे दिवसा वीज मिळण्याचा मार्ग खुला होत आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा 2023 मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा हे स्वागतार्ह पाऊल आहे, यात शंका नाही. प्रश्न आहे तो या व्यवहारात शेतकरी कोठे उभा राहणार याचा. आज त्याच्यापुढे सोपा प्रस्ताव आहे : जमीन भाड्याने द्या, हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाला घ्या. कोरडवाहू शेतकऱ्याला या रकमेचा मोह पडला, तर त्याला दोष देता येणार नाही. पण प्रकल्पाचा मालक दुसराच राहतो आणि पंचवीस वर्षांचा घाऊक वीजविक्रीचा करार त्याच्याच नावे होतो. शेतकरी आपल्याच शिवारात भाडेकऱ्याची वाट पाहणारा घरमालक होतो.

सहकाराचे नाव काढताच मुळा-प्रवराचे उदाहरण पुढे केले जाते. ते टाळण्याचे कारण नाही. 1969 मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या सवलतीच्या कर्जांवर देशात पाच प्रायोगिक वीज सहकारी संस्था उभ्या राहिल्या. श्रीरामपूरची मुळा-प्रवरा ही त्यांपैकी महाराष्ट्रातील एकमेव. श्रीरामपूर, राहुरी परिसरातील गावांना तिने चार दशके वीज पुरवली. अखेरीस वीज मंडळाची व पुढे महावितरणची थकबाकी दोन हजार कोटी रुपयांच्या पलीकडे गेली आणि 31 जानेवारी 2011 रोजी परवान्याची मुदत संपताच कारभार महावितरणकडे गेला. कारभारातील दोष, राजकारण, वसुलीतील शैथिल्य हे सारे मान्य करू. परंतु एक गोष्ट सांगायची राहून जाते. ही संस्था घाऊक वीज घेत होती ती मीटरवर मोजून, मंडळाने ठरवलेल्या दराने. कृषिपंपांकडून मात्र ती वसूल करायची होती अश्वशक्तीच्या हिशेबाने, राज्याच्या धोरणात बसेल त्या ठोक दराने. खरेदीचा भाव एकाने ठरवायचा, विक्रीचा दुसऱ्याने आणि तूट सहकाराच्या नावावर मांडायची! अशा दुकानाचा ताळेबंद कोणता सचोटीचा वाणी जुळवू शकेल?

त्याच पाचांतील एक संस्था आपल्या सीमाभागाजवळ, बेळगाव जिल्ह्यातील हुक्केरी येथे आजही वीज वितरित करते. तेलंगणातील सिरसिलाची संस्थाही टिकून आहे. तेव्हा 'सहकारी वीज अशक्य' हा निष्कर्ष घाईचा ठरतो.

ही कल्पना ज्या अमेरिकेतून आली, तेथील अनुभव बोलका आहे. 1935 मध्ये तेथे दहा शेतांपैकी जेमतेम एका शेतावर वीज होती. खासगी कंपन्यांना खेड्यात नफा दिसत नव्हता. रूझवेल्ट यांच्या शासनाने ग्रामीण विद्युतीकरण प्रशासन स्थापन केले आणि शेतकऱ्यांच्या संस्थांना कर्जे दिली. 1944 च्या कायद्याने व्याज 2 टक्के आणि मुदत 35 वर्षांपर्यंत केली. भांडवलशाहीचा डांगोरा पिटणाऱ्या त्या देशाला खेड्यासाठी मात्र सरकारी पैसा वापरण्यात संकोच वाटला नाही, हे आपल्या अर्थतज्ज्ञांनी ध्यानात घेतलेले बरे.

आता मालेगावचा कच्चा हिशेब मांडू. 'पीएम-कुसुम' योजनेच्या 'अ' घटकात शेतकऱ्यांचे गट, सहकारी संस्था, उत्पादक कंपन्या व ग्रामपंचायती अर्ध्या ते दोन मेगावॅटचा प्रकल्प उभारू शकतात. एका मेगावॅटला चार कोटी खर्च धरू. वर्षाला पंधरा लाख युनिट निघाले आणि तीन रुपये दर मिळाला, तर उत्पन्न पंचेचाळीस लाख. तीनशे शेतकऱ्यांनी प्रत्येकी चाळीस हजार घातले तर एक कोटी वीस लाख जमतात. उरलेले दोन कोटी ऐंशी लाख कर्ज. दहा टक्के व्याज आणि पंधरा वर्षांची मुदत असेल, तर पहिल्या वर्षी व्याजाचे अठ्ठावीस लाख आणि मुद्दलाचे सुमारे एकोणीस लाख. म्हणजे उत्पन्नाहून हप्ता मोठा! देखभाल, विमा, राखणदाराचा पगार तर अजून धरलेलाच नाही. हाच हप्ता 2 टक्के व और 35 वर्षांच्या हिशेबाने चौदा लाखांच्या आत येतो. सूर्य तोच, जमीन तीच; फरक फक्त कर्जाच्या कागदाचा.

केंद्र सरकारने ऑगस्ट 2024 मध्ये हा 'अ' घटक कृषी पायाभूत सुविधा निधीशी जोडला, ही महत्त्वाची गोष्ट आहे. त्यातून दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याजसवलत मिळते. पण ती कमाल सात वर्षेच. वरच्या हिशेबात ही सवलत वर्षाला सहा लाखांची होते. हप्ता भरतो, संस्था तगत नाही. सवलत कराराच्या पूर्ण पंचवीस वर्षांपर्यंत नेली, कर्जाची मुदत वाढवली आणि विजेच्या देयकावर प्रथम हक्क बँकेला देऊन घरादाराचे तारण मागणे थांबवले, तर चित्र पालटेल. महावितरणने देयक थकवल्यास काय, याचेही उत्तर शेतकऱ्याला सही करण्यापूर्वी, मराठीत, मिळाले पाहिजे. मोठ्या कंपनीचे पैसे चार महिने अडकले तर तिला दुसरी बँक असते. मालेगावच्या संस्थेला नसते.

एप्रिल 2024 पासून राज्याने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत केली. संकटातील शेतकऱ्याला तो आधार आहे, परंतु ज्याला बिलच येत नाही तो दराचा प्रश्न विचारणेही सोडून देतो. हे अनुदान वर्षानुवर्षे द्यायचेच असेल, तर त्याचा काही भाग शेतकऱ्याच्या मालकीच्या प्रकल्पाचे भागभांडवल म्हणून का देऊ नये?

अटलजींच्या शासनकाळात संमत झालेल्या 2003 च्या विद्युत कायद्याचे कलम 5 ग्रामीण भागातील घाऊक वीजखरेदी व स्थानिक वितरणासाठी पंचायती, ग्राहक संघटना आणि सहकारी संस्था यांचा नावानिशी उल्लेख करते. कायद्याने दार उघडून दोन दशके उलटली आहेत. मालेगाव तालुक्यातील ज्या वाहिन्यांचे सौरीकरण व्हायचे आहे, त्यांतील निदान एक वाहिनी निविदेच्या बाहेर ठेवून तेथील शेतकऱ्यांच्या संस्थेला द्यावी आणि त्या संस्थेला वर सांगितल्या अटींवर कर्ज मिळवून द्यावे. जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीत वाशिमच्या लोकप्रतिनिधींनी हा विषय मांडावा, ही आमची मागणी आहे.