त्या जहाजावर माणसं किती?

गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. "आपा, एकदा येऊन जा. तुमच्या भाच्याच्या हातातून तो गेम सुटत नाही. त्याचे अब्बा घरी आलेत, तरी दोघांत बोलणं म्हणून नाही."

बहिणीचे यजमान मालवाहू जहाजावर खलाशी आहेत. वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर, उरलेले दिवस रत्नागिरीजवळच्या गावी. कोकणातल्या कितीतरी घरांची हीच कहाणी. बाप परततो तेव्हा मुलगा एक इयत्ता पुढे आणि चार बोटं उंच झालेला असतो. काय बोलावं, हे दोघांनाही सुचत नाही.

तो गेम म्हणजे पुस्तकासारखं उघडणारं, दोन पडद्यांचं निन्टेंडो डीएस. दुबईहून आलेल्या चुलतभावाने आपलं वापरून झाल्यावर या तेरा वर्षांच्या पोराला दिलेलं. आत खेळ एकच, 'स्टार ट्रेक: टॅक्टिकल असॉल्ट'. बहिणीचं म्हणणं होतं की ही नुसती मारामारी आहे, कपाटात बंद करावी. आम्ही म्हटलं, बंद करायला वेळ लागत नाही, आधी पाहू तर दे. मगरीबनंतर भाच्याजवळ बसलो.

'स्टार ट्रेक' ही मूळची अमेरिकन दूरदर्शन मालिका. १९६६ ते १९६९ अशी तीन वर्षं चालली. जीन रॉडनबेरी यांनी ती रचली. हॉर्नब्लोअर नावाच्या आरमारी कप्तानाच्या इंग्रजी कादंबऱ्या त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. म्हणून त्या अवकाशातही कप्तान आहे, सुकाणू आहे, डावी-उजवी बाजू आहे. पुढे १९७९ साली या जगावर पट आणि पुठ्ठ्याच्या सोंगट्यांचा एक युद्धखेळ निघाला. त्यात प्रत्येक फेरीला जहाजाची शक्ती इंजिनाला किती, ढालीला किती, शस्त्रांना किती, याचा हिशेब कागदावर मांडावा लागे. क्विकसिल्व्हर या कंपनीने १९९९ मध्ये त्यावरून संगणकाचा खेळ केला आणि २००६ मध्ये हातात मावणारा हा सोपा खेळ.

आम्हाला वाटलं होतं, बटण दाबत राहायचं आणि समोरचं फुटत राहायचं. तसं नाही. वरच्या पडद्यावर जहाज दिसतं, खालच्यावर बोट टेकवून हुकूम द्यायचे. जहाज जड, सावकाश वळणारं. ढाल पुढची वेगळी, मागची वेगळी, दोन्ही कुशींची वेगळी. एक बाजू खचली की जहाज फिरवून शाबूत बाजू शत्रूकडे करायची. एकदा मारा केला की शस्त्र पुन्हा भरेपर्यंत थांबायचं. मध्येच समोरच्या जहाजाकडून संदेश येतो, उत्तरांतून एक निवडायचं असतं, आणि त्या निवडीवर पुढची गोष्ट वळण घेते. सगळं इंग्रजीत. भाचा अडलेले शब्द वहीत लिहून ठेवत होता, हे बहिणीला ठाऊकच नव्हतं.

दोषही सांगितले पाहिजेत. खेळ रेंगाळतो, अवकाशाचा देखावा तोच तोच वाटतो, आणि शेवटी तो लढाईचाच खेळ आहे. शिवाय "एवढी एकच लढाई" म्हणता म्हणता पोराची ईशाची नमाज लांबते, गृहपाठ राहतो. बहिणीची तक्रार खोटी नव्हती.

तेवढ्यात अब्बा दारात येऊन उभे राहिले. थोडा वेळ नुसते पाहत होते. मग म्हणाले, "अरे, आत्ताच वळव. मोठं जहाज ऐन वेळी वळत नसतं." भाच्याने वर पाहिलं. सुकाणू फिरवल्यावर जहाजाला वळायला किती पाणी लागतं, हे त्याला कोणी कधी सांगितलं नव्हतं. अब्बा शेजारी बसले. त्यांनी सांगितल्याप्रमाणे जहाज वळलं, शत्रूची मागची ढाल उघडी पडली, आणि भाच्याने मारा केला. समोरचं जहाज फुटलं. पोरगा ओरडला, "खल्लास!"

अब्बांनी विचारलं, "त्या जहाजावर माणसं किती होती?"

पोराला उत्तर आलं नाही. खेळात माणसं दिसत नाहीत. दिसतं ते लोखंड आणि उजेड. मूळ मालिकेत एंटरप्राइझ जहाजावर ४३० माणसं असल्याचं सांगतात. आम्ही तो आकडा सांगितला. अब्बा म्हणाले, "आमच्या जहाजावर तेवीस आहोत. प्रत्येकाच्या घरी कोणी ना कोणी वाट पाहतं." इतकंच बोलले. ओरडले नाहीत, गेम हिसकावला नाही.

पुढच्या लढाईत संदेश आला, तेव्हा भाच्याने तो घाईने पुढे ढकलला नाही. दोनदा वाचला, अब्बांना अर्थ सांगितला, मग उत्तर निवडलं. त्या रात्री जेवताना तो विचारत होता, "अब्बा, वादळात तुम्ही सुकाणूवर असता का?"

आता त्या घरात ठरलंय. गृहपाठ आणि नमाज आधी, मग अर्धा तास, तोही बैठकीत, सर्वांसमोर. बहीण अजून पुरती राजी नाही. यजमान पुढच्या महिन्यात जहाजावर परततील, तेव्हा हा नियम टिकतो का, हे पाहायचं आहे.

या खेळात फेडरेशनच्या बाजूने लढल्यावर क्लिंगॉन म्हणजे शत्रूच्या बाजूनेही लढता येतं. तीच लढाई समोरच्याच्या खुर्चीतून कशी दिसते, हे कळायला ते बरं. पण "माणसं किती?" हा प्रश्न खेळ विचारत नाही. तो घरातल्या कोणीतरी विचारावा लागतो. आपल्या मुलांच्या हातात मोबाइल असो की गेम, आज दहा मिनिटं शेजारी बसा. कोण जिंकलं हे नंतर विचारा. आधी विचारा, गोळी का चालवलीस?