दगडाला मालक नसतो, गाडीला असतो

परवा एका फिल्म क्लबात गेलो होतो. आपल्यासारख्यांनी तिथं मागच्या रांगेत बसायचं आणि चर्चेत गप्प राहायचं, असा अलिखित रिवाज. सिनेमा होता 'मॅन पुश कार्ट', 2005 सालचा. दिग्दर्शक रामीन बहरानी, इराणी आईबापाचा अमेरिकेत जन्मलेला पोरगा. दिवे लागले आणि एक विद्वान उठून म्हणाले, हा आधुनिक सिसिफस आहे. म्हंजे देवांच्या शापानं डोंगरावर दगड ढकलणारा तो ग्रीक. दगड वर नेला की खाली घरंगळतो, पुन्हा ढकलायचा. मानवी अस्तित्वाची निरर्थकता वगैरे. सगळ्यांनी माना डोलावल्या.

माझं डोकं सणकलं.

दोस्तांनो, आधी सिनेमात काय आहे ते ऐका. अहमद हा पाकिस्तानातला एके काळचा लोकप्रिय गायक. न्यूयॉर्कमध्ये अंधार फुटायच्या आत गाडी बाहेर काढतो आणि मॅनहॅटनच्या रस्त्यावरून, मोटारींच्या मधून, अंगाच्या जोरावर ओढत नेतो. जागेवर लावतो, कप रचतो, चहा-कॉफी-बेगल विकतो. हापिसात जाणाऱ्या गिऱ्हाइकाला दिसतो तो खिडकीतून बाहेर आलेला त्याचा हात. बायको मेलेली. पोरगा सासू-सासऱ्यांकडं. वरकड पैशासाठी नागड्या सिनेमांच्या डीव्हीडी विकतो. गाडीचे हप्ते चालू. आणि एक दिवस गाडीच चोरीला जाते.

आता मला सांगा, सिसिफसच्या दगडाला हप्ता होता का? तो दगड कुणी चोरला असता का? दगडाला मालक नसतो. गाडीला असतो. सगळा फरक तिथं आहे, आणि नेमका तोच या विद्वानांना दिसत नाही. दिग्दर्शकानं स्वतः कामूचं नाव घेतलेलं आहे, हे मला ठाऊक आहे. घेतलं असेल. पण त्याच्या कॅमेऱ्यानं हप्ते दाखवले आहेत. मी कॅमेऱ्यावर विश्वास ठेवतो.

न्यूयॉर्कचा हिशेब बघा. रस्त्यावर खाद्यपदार्थ विकायच्या परवान्यांवर शहरानं 1983 साली मर्यादा घातली. सुमारे 3,000. शहर फुगत गेलं, देशोदेशीची माणसं येत गेली, आकडा वर्षानुवर्षं तिथंच. दोन वर्षांच्या परवान्याची सरकारी फी 200 डॉलर. तोच परवाना काळ्या बाजारात 20,000 डॉलरच्या वर भाड्यानं जायचा. म्हंजे ज्याच्या नावावर कागद तो घरी बसून खातो, आणि पहाटे उठून गाडी ओढणारा त्याला पोसतो. ह्याला निरर्थकता म्हणायचं? कुणाच्या तरी दृष्टीनं यात भरपूर अर्थ आहे. डॉलरमध्ये मोजता येईल इतका.

माझा बाप हातगाडीवर केळी विकायचा. गाडी भाड्याची. धंदा होवो न होवो, संध्याकाळी शेठपुढं भाडं मोजायचं. 'गाडी आली' अशी हाळी उठली की पळायचं. एकदा गुडघा धरला होता, पळता आलं नाही. पथकानं गाडी उचलली, केळी रस्त्यावर. बापानं दंड भरला, आणि गाडी जितके दिवस आत होती तितक्या दिवसांचं भाडंही भरलं. माय म्हणाली, नशीब. कसलं नशीब? दंडाची पावती आमच्या पत्र्याच्या पेटीत होती.

आमच्याकडं या दगडाला पोथीवाल्यांनी प्रारब्ध म्हटलं. युरोपला जाऊन आलं म्हणून प्रारब्धाचं तत्त्वज्ञान होत नाही.

सिनेमात आणखी एक पात्र आहे. मोहम्मद. पाकिस्तानीच, पण पैसेवाला. तो अहमदला ओळखतो, तुझ्या गाण्यासाठी काहीतरी करू म्हणतो, आणि आपल्या फ्लॅटच्या रंगकामाला लावतो. बघताना मला आपल्यातून वर गेलेले दोन-चार साहेब आठवले. तुम्हालाही आठवतील. नावं घेत नाही.

पण सिनेमाशीही माझं भांडण आहे. नववास्तववादाचा बाप म्हणजे व्हित्तोरिओ डी सिकाचा 'बायसिकल थीव्ह्ज', 1948. त्यातला अंतोनिओ एकटा नाही. सुरुवातीलाच कामासाठी ताटकळणाऱ्या बेकारांचा घोळका आहे. सायकल सोडवायला बायको घरातल्या चादरी गहाण टाकते, आणि गहाणदुकानातला माणूस ते गाठोडं घेऊन वर चढतो. छतापर्यंत गाठोडीच गाठोडी. एका क्षणात कळतं, अख्खं रोम गहाण पडलंय. 'मॅन पुश कार्ट'मध्ये हे गाठोड्यांचं छत नाही. अहमदच्या भोवती रात्र आहे, सुंदर रात्र, पण जमात नाही. एकट्याचं दुःख बघायला सोपं. बघणाऱ्याकडं ते काही मागत नाही.

आणि हेही लक्षात ठेवा. अंतोनिओ झालेला लाम्बेर्तो मॅज्जोरानी खरोखरचा कारखाना कामगार. सिनेमा जगभर गाजला, आणि ह्याची कारखान्यातली नोकरी गेली. अहमद झालेल्या अहमद रझवीनंही पूर्वी असा ठेला चालवलेला. खरा चेहरा हवा म्हणून माणूस रस्त्यावरून उचलायचा, मग त्या चेहऱ्याला जगण्याचा हक्क हवा की नको?

तो हक्क पडद्याबाहेर मागितला गेला. न्यूयॉर्कमध्ये 2001 पासून 'स्ट्रीट व्हेंडर प्रोजेक्ट' ही फेरीवाल्यांची संघटना उभी आहे. 2021 साली शहराला दहा वर्षांत सुमारे 4,000 नवे परवाने द्यायचा कायदा करावा लागला. ही डोंगर फोडायची भाषा आहे. सिसिफसला ती ठाऊक नव्हती, कारण तो एकटा होता.

आपल्याकडंही 2014 चा पथविक्रेता कायदा आहे. सर्वेक्षण होईपर्यंत कुणाला हटवता येत नाही, आणि नगर पथविक्रेता समितीत निदान 40 टक्के जागा विक्रेत्यांनी निवडून दिलेल्यांच्या, असं त्यात लिहिलंय. लिहिलंय. वाचून दाखवायला आपण नाही गेलो, तर ते कागदावरच राहील.

तेव्हा सिनेमा बघा. जरूर बघा, चांगला आहे. पण बाहेर पडल्यावर दारातल्या चहावाल्याजवळ थांबा. त्याला तीन गोष्टी विचारा. गाडी कुणाची? भाडं किती? परवाना कुणाच्या नावावर?

उत्तर नीट ऐका. त्यात सिसिफस कुठंच येत नाही. नावं येतात, पत्ते येतात, आकडे येतात. ते लिहून घ्या. मग आपण वस्तीत बसून बोलू.