बंदुकीवर दुर्बीण चढवण्याआधी

गौरी-गणपतीला गावी यायचे म्हटले की लालबाग-परळचा चाकरमानी घरासाठी काही ना काही बांधून आणतो. गिरण्या चालू होत्या तेव्हा कापड यायचे, मग टेपरेकॉर्डर आला, मग मोबाइल. आता गावाकडच्या बापाला फोनवर वेगळाच प्रश्न येतो. "बाबा, तुमच्या बंदुकीला प्रिझमची दुर्बीण आणू का? मजबूत असते म्हणतात, पावसातही चालते." इकडे भात लोंबीवर आलेले असते आणि डुकरांचा कळप एका रात्रीत सबंध कुणगा झोपवून जातो. अशा वेळी बापही म्हणतो, आण बाबा, काही तरी कर.

शेतकरी बंधूंनो, पोराची माया खरी आहे आणि तुमचे नुकसानही खरे आहे. पण पैसे मोजण्याआधी चार गोष्टी नीट समजून घ्या. नाही तर दुर्बीण पेटीत पडून राहील, किंवा त्याहून वाईट म्हणजे परवाना हातचा जाईल.

पहिली गोष्ट, तुमची बंदूक कुठली? शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना सांगितला आहे. ठासणीच्या बंदुकीने भागत नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मिळू शकते. म्हणजे बहुतेकांच्या घरात आहे ती ठासणीची किंवा बारा बोअरची काडतुशी बंदूक. रायफल नव्हे. रायफलच्या नळीत आतून पिळाचे आटे असतात, त्यामुळे गोळी फिरत जाते आणि लांबवर सरळ राहते. गुळगुळीत नळीतून छरे निघतात ते पसरत जातात. तीस-चाळीस मीटरच्या पुढे त्यांचा भरवसा नाही. जिथे बंदूकच तेवढ्या पल्ल्याची, तिथे लांबचे मोठे करून दाखवणारी काच वर चढवून काय मिळणार? ठासणीच्या बंदुकीला तर ती बसवायला जागाच नसते. गावातल्या कारागिराकडून नळीला भोके पाडून घेऊ नका. हत्याराची दुरुस्ती आणि फेरफार हा परवानाधारकाचाच धंदा आहे, आणि भोक चुकले तर नळी फुटून जीव जाईल.

दुसरी गोष्ट कायद्याची. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे, हे अजूनही अनेकांच्या लक्षात येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ११ नुसार, उभ्या पिकाला धोकादायक झालेले जनावर मारायचे तर मुख्य वन्यजीव रक्षकाचा किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याचा लेखी आणि सकारण आदेश लागतो. आपल्या राज्याने २०१५ मध्ये रानडुक्कर आणि रोही यांच्याबाबत हा अधिकार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत खाली आणला. पुढे २०२२ च्या दुरुस्तीने कायद्याच्या याद्या बदलल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून ही दोन्ही जनावरे दुसऱ्या अनुसूचीत आली. आदेशाची गरज मात्र तशीच राहिली. आणि आदेशाने मारलेले जनावरही सरकारी मालमत्ताच असते. त्याची वाटणी करून चूल पेटवली तर तो गुन्हा.

मुंबईहून आलेल्या पोरानेही एक लक्षात ठेवावे. बंदूक बाबांच्या नावावर असेल तर ती बाबांचीच. परवानाधारक हजर असताना किंवा त्याच्या लेखी परवानगीने ती दुरुस्तीला, नूतनीकरणाला किंवा त्याच्यासाठी वाहून नेता येते. स्वतः झाडता येत नाही. वडील वारले आणि बंदूक माळ्यावर राहिली, असे तुमच्याकडे झाले असेल तर आधी ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारकाचे वय ७० झाले, किंवा हत्यार २५ वर्षे त्याच्याकडे असले, तर हयातीतच वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. दुर्बिणीच्या खर्चाआधी हे काम करून घ्या. त्यात घराचे हित जास्त आहे.

आता ज्यांच्याकडे रीतसर परवान्याची रायफल आहे, समजा सरकारी कारखान्याची .३१५, त्यांच्यापुरते बोलू. प्रिझमची दुर्बीण म्हणजे काय? साध्या नळीच्या दुर्बिणीत उलटी प्रतिमा सुलटी करायला भिंगांची रांग लागते, म्हणून ती लांब होते. प्रिझमच्या दुर्बिणीत तेच काम काचेचा कोनदार ठोकळा करतो. त्यामुळे नळी आखूड होते. बहुधा तिची वाढवण्याची ताकद एकच, ठरलेली असते. फिरवायचे भाग कमी म्हणजे बिघडायचे भागही कमी. नेमाची खूण काचेवरच कोरलेली असते, त्यामुळे बॅटरी संपली तरी खूण दिसते. मजबूत म्हणतात ते याचसाठी, आणि त्यात तथ्य आहे.

पण तोटेही ऐका. अशा दुर्बिणीत डोळा काचेच्या बराच जवळ न्यावा लागतो, साधारण अडीच-तीन इंचांवर. .३१५ चा धक्का चांगलाच बसतो. डोळा जवळ असेल तर दुर्बिणीची कड भुवईवर येते आणि खोक पडते. म्हणून घेताना आधी हेच विचारा, डोळा किती अंतरावर ठेवून पूर्ण चित्र दिसते? जेवढे जास्त तेवढे बरे. मग पाहा, अंग एकसंध धातूचे आहे का. आतली हवा काढून नायट्रोजन भरलेला आहे का, नाही तर आपल्या पावसाळ्यात आतून वाफ धरणार. पकडीचे स्क्रू पोलादी आहेत का. ती कुठल्या धक्क्याच्या हत्यारासाठी बनवली आहे, हे कागदावर लिहून दिले आहे का. छऱ्याच्या स्प्रिंगवाल्या हवाई बंदुकीचा धक्का मागे आणि पुढे असा दोन्हीकडे बसतो. त्यासाठी न बनवलेली भारी दुर्बीणही तिच्यावर टिकत नाही. आणि बिल घ्या. बिलाशिवाय हमी नाही, उद्या पोलीस ठाण्यात विचारले तर उत्तरही नाही.

एवढे करूनही एक अडचण उरते. दुर्बीण बसवली म्हणजे नेम बसला असे नाही. ठरलेल्या अंतरावर गोळ्या झाडून ती जुळवावी लागते. त्याला मागे भक्कम बांध असलेले मैदान लागते, काडतुसे लागतात, आणि काडतुसांची संख्या तर परवान्यावर मोजून दिलेली असते. पकड सैल झाली, बंदूक पडली किंवा दुर्बीण काढून परत चढवली, की पुन्हा जुळवणी आलीच. निवडणुकीत बंदूक जमा करायची वेळ आली तर हाच खटाटोप पुन्हा. सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा करायला लावू नयेत, प्रत्येक प्रकरण तपासावे, असे मुंबई उच्च न्यायालयाने गोव्यातील एका प्रकरणात २००९ मध्ये सांगितले आहे. तेव्हा जमा करण्याची नोटीस आली तर छाननी समितीकडे पीक राखणीचे कारण लेखी मांडा. तो तुमचा हक्क आहे.

मग पोराने मुंबईहून आणावे तरी काय? माझे मत विचाराल तर हातात धरायची प्रिझमची दुर्बीण आणावी, दोन डोळ्यांनी बघायची. राखणदाराचे निम्मे काम बघण्याचे असते. कळप कुठून उतरतो, किती आहेत, कुंपण कुठे मोडले, हे संध्याकाळी माचावरून दिसले तर रात्रीची निम्मी धावपळ वाचते.

ही दुर्बीण निवडणे सोपे आहे. तिच्यावर दोन आकडे असतात. ८ गुणिले ४० म्हणजे आठ पट मोठे दिसते आणि पुढचे भिंग ४० मिलिमीटरचे. मोठ्या आकड्याला छोट्याने भागा, ५ येतात. हा डोळ्यात शिरणाऱ्या उजेडाच्या झोताचा व्यास. ७ गुणिले ५० ला तो सातच्या आसपास येतो, आणि खिशातल्या १० गुणिले २५ ला फक्त अडीच. दिवेलागणीला अडीचवाली आंधळी होते. उतारवयात डोळ्याची बाहुली फार मोठी उघडत नाही, म्हणून म्हाताऱ्या राखणदाराला ८ गुणिले ४० पुरते. दहा-बारा पटीचा मोह नको, हात हलला की चित्र नाचते.

गिरगावच्या पलीकडे चोरबाजारात जुनी दुर्बीण स्वस्तात मिळाली म्हणून कुणी घेतली, तर आधी तीन परीक्षा कराव्यात. पुढच्या भिंगातून बॅटरीचा उजेड टाकून आत बघावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, घेऊ नये. कानाशी धरून हलवावी, आत खुळखुळ वाजले तर प्रिझम सुटलेला. मग लांबची विजेची तार बघावी. एकीच्या दोन दिसल्या किंवा थोड्या वेळात डोळे दुखू लागले, तर दोन नळ्या एका रेषेत नाहीत. नवी घेतली तरी हातभर लांब धरून मागच्या काचेतले उजेडाचे वर्तुळ पाहावे. ते गोल हवे, कडा चौकोनी कापल्यासारख्या दिसल्या तर प्रिझम हलक्या काचेचा. आणि घरी आणल्यावर ओल्या म्यानात कोंबू नये. पुसून, ओल शोषणाऱ्या पुड्या टाकून घट्ट डब्यात ठेवावी. कोकणच्या हवेत काच फुटून नव्हे, बुरशीने मरते.

आणखी एक. बाबांना लांबचे दिसत नाही याचे कारण दुर्बीण नसणे हे नसेलही. मोतीबिंदू असेल. गणपतीनंतर परत जाताना त्यांना आठ दिवस मुंबईला न्या आणि परळच्या के.ई.एम. रुग्णालयात डोळे दाखवा. धूसर डोळ्यापुढे कितीही भारी काच धरली तरी धूसरच मोठे होऊन दिसते. आणि रात्रीच्या बंदुकीत धूसर दिसणे म्हणजे काय, हे पालघर जिल्ह्यात दिसले आहे. २०२५ च्या सुरुवातीला मनोरजवळच्या जंगलात रानडुक्कर समजून झाडलेल्या गोळीने सोबतचाच माणूस गेला. काय हलते ते ओळखल्याशिवाय आणि त्याच्या मागे काय आहे ते पाहिल्याशिवाय घोड्याला बोट लावायचे नाही, हे कुठल्याही दुर्बिणीवर लिहिलेले नसते.

नेम ही शिकायची गोष्ट आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचे कांस्यपदक घेतले. त्या स्पर्धेत दुर्बीण चालत नाही. बारीक छिद्रातून बघून नेम धरायचा असतो. दादरला शिवाजी पार्कसमोरच्या सावरकर स्मारकात रायफल नेमबाजी शिकवतात. पोराला बंदुकीची हौस असेल तर तिथे जाऊन हत्यार कसे धरावे, कसे ठेवावे, हे तरी शिकून घ्यावे. उद्या वारसाने परवाना आलाच तर ती शिस्त कामाला येईल.

शेवटी गावकारभाऱ्यांशी दोन शब्द. सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसेवक, तलाठी म्हणा की ग्राम महसूल अधिकारी, शेतकरी बंदुकीवर काच चढवायला निघतो याचा अर्थ कागदावरचा त्याचा विश्वास उडाला आहे. तो परत आणणे तुमच्या हातात आहे. वन, महसूल आणि कृषी यांचा पंचनामा वेळेवर झाला, तर निम्म्या तक्रारी मिटतील. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले की खरीप २०२६ पासून वन्यप्राण्यांनी केलेले नुकसान पीक विम्यात जादा संरक्षण म्हणून धरता येईल. त्यासाठी राज्याने जनावरांची यादी आणि जिल्हे कळवायचे आहेत, आणि शेतकऱ्याने ७२ तासांच्या आत पीक विमा अॅपवर जागेची नोंद असलेले फोटो टाकायचे आहेत. आपला जिल्हा त्या यादीत असावा म्हणून ग्रामसभेचा ठराव करून वर पाठवा. मागच्या सालांचे पंचनामे जोडा. पुराव्याशिवाय यादीत नाव येत नाही.

आणि चाकरमानी भावांनो, बाबांना एक चांगला फोन असू द्या, आणि तो चालवायला शिकवून जा. सकाळी झोपलेल्या भाताचा वेळेत काढलेला फोटो बंदुकीवरच्या काचेपेक्षा जास्त दाणे घरात आणील. बंदूक राहू द्या, तिची नोंद आणि नूतनीकरण चोख ठेवा. दुर्बीण आणायचीच तर ती बाबांच्या गळ्यात घाला.