मस्त, भारी, अप्रतिम... आणि उपयोग शून्य

एक सांगा. तुमचा कोड रिव्ह्यूला गेला आणि समोरच्याने न वाचताच "वा, मस्त!" म्हणून पुढे ढकलला तर? प्रॉडक्शनवर बोंब झाली की आधी त्याचीच गचांडी धराल. मग फोटो बघताना आपण सगळे असे गोडबोले का होतो?

झालं असं, एप्रिलात घिवलीला गेलो होतो. बोईसरला उतरून रिक्षा. तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या शेजारचं समुद्रकाठचं गाव. भर दुपारी बोंबील वाळत घालणाऱ्या एका आजींना विचारून त्यांचा फोटो काढला. किटची १८-५५ लेन्स, १८ वर ठेवून, अगदी तोंडाजवळ जाऊन. घरी येऊन ब्लॅक अँड व्हाइट केला, कॉन्ट्रास्ट असा ताणला की सुरकुत्या करवतीने कापल्यासारख्या दिसाव्यात. ऑफिसात कौतुकच कौतुक. "काय कॅरेक्टर आहे राव चेहऱ्यात!" आम्ही हवेत.

मे अखेरीस प्रिंट घेऊन आजींकडे गेलो. त्यांनी हात लांब करून पाहिला. "माझे डोले कुठे गेले? नि नाक केवढा मोठा!" नात खिदळली. आजी नाही हसल्या. प्रिंट परत दिला.

दहा सेकंदांत दोन बग, तेही अचूक! डोक्यावरच्या उन्हाने डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते, डोळ्यांचे खड्डे होतात. आणि वीतभर अंतरावरून काढलं की नाक कानांच्या मानाने फारच जवळ येतं. (लेन्सला शिव्या घालू नका, दोष अंतराचा.) उपायही साधा: छपराच्या कडेला, तोंड उजेडाकडे, आपण चार पावलं मागे, लेन्स ५५ वर.

"कला व्यक्तिनिष्ठ असते हो," असं कोणीतरी म्हणणारच. असेल! पण फोकस डोळ्यावर आहे की कानावर, यात व्यक्तिनिष्ठ काय? उलट "कॉम्पोझिशन कमजोर" एवढंच पुटपुटून निघून जाणारे जाणकारही तितकेच आळशी. कुठे खटकलं, का खटकलं, काय बदलू, हे सांगा की.

सुरकुत्यांचं मात्र तंत्रात बसत नाही. आपण ज्याला कॅरेक्टर म्हणतो ते बहुतेकदा दुसऱ्याचं म्हातारपण नाहीतर गरिबी असते. स्वतःच्या आईचा फोटो असा केला असता का मी? गौतम राजाध्यक्षांचं 'चेहरे' चाळा. तिथला उजेड समोरच्या माणसाच्या बाजूने असतो. तारे-तारकांना मिळणारी ही सवलत घिवलीच्या आजींना का नाही?

त्याच दिवशी ओटीवर बसवून पुन्हा काढला. रंगीत. गणपतीनंतर नेऊन दिला. आजींनी बराच वेळ पाहिला, ठेवून घेतला. मग म्हणाल्या, "पदर वाकडा आलाय. पुढच्या टायमाला आधी सांगून ये, चांगली साडी नेसते."